न्यायाचं असल्यास

माझं अक्षर चांगलं आहे. वाईट असतं तर आमचा संसार वाचला असता.

वडील आर्वीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. मुलगी म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही. पाटीवर वेलांटी तोकडी पडली की हातावर छडी पडायची. "माणूस चुकला तर माफ हाय, काना चुकला तर नाई," हे त्यांचं बोलणं. सातवीपर्यंत शिकले. बोलताना मी मले-तुलेचीच राहिले, पण कागदाला लेखणी टेकली की वडील मागे येऊन उभे राहतात आणि भाषा सरळ चालायला लागते. हे लिहिताना सुद्धा उभे आहेत. माझ्या हातून लिहिण्यात काही सुटत नाही. काना सुटत नाही, मात्रा सुटत नाही, शब्द तर नाहीच नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगायचं कारण पुढे आहे.

लग्न होऊन मी वैनगंगा डोंग्यातून ओलांडली आणि गडचिरोलीच्या पुढे सात कोसांवर येऊन पडले. धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथलं गाव. माझी मामी पाठवणीच्या वेळी रडता रडता म्हणाली, "माय वं, पोरीले वाघाच्या दारात बांधून राह्यले." वाघ दोनदा-तीनदा आला सुद्धा, गावातल्या बकऱ्या घेऊन गेला. माणसांपेक्षा परवडला.

नवऱ्याचं नाव तेव्हा घेत नव्हते, आता कशाला घेऊ? हे म्हटलं की ओळखा. हे शिकले चौथी. अक्षर असं की मुंगळे ओळीनं निघाले आणि मधेच भांडले. पण माणूस ताठ. बेचाळीस साली चिमूरकडे जे झालं त्यात ह्यांनाही धरलं आणि नेलं. मला तेव्हा सहावा महिना होता. मुलगी झाली, अकरा दिवस राहिली आणि गेली. ह्यांनी तिला पाहिलंही नाही. चव्वेचाळीसला सुटून आले तेव्हा गावानं बैलगाडी सजवली, झेंडूच्या माळांनी ह्यांचं तोंड दिसत नव्हतं. मी दारात आरती घेऊन उभी होते. ह्यांनी माळा काढल्या, घरात आले आणि विचारलं, "कुठी पुरली?" बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर, मोहाखाली, मी सांगितलं. हे तसेच गुलाल लागलेले तिकडे गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. लोक बाहेर जयजयकार करत होते, त्यांना वाटलं पुढारी दमून झोपला.

त्यानंतर मला मूल झालं नाही. दहा वर्षं नाही.

बावन्नच्या पहिल्या निवडणुकीत लोकांनीच ह्यांना उभं केलं. हे गावोगाव पायी फिरले, मी भाकरी बांधून दिल्या. चांद्याला पेट्या फुटल्या आणि हे आमदार झाले. आमच्याकडे आमदार कोणी म्हणत नसे, येमेले म्हणत. "येमेले भाऊ हाय का घरी?" नागपूरला तेव्हा विधानसभा भरायची. हे पत्र्याची पेटी घेऊन गेले, नाकेदार लोकांच्या गाड्या अडवतो यावर बोलायला उभे राहिले, आणि पहिल्याच वाक्यात "मले" म्हणाले. सगळी सभा हसली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? त्यायचं हासून होऊ देल्लं. मंग पुढचं बोललो."

असा माणूस. मला फार अभिमान वाटला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू?

नाकेदाराचं, म्हणजे जंगलखात्याच्या नाक्यावरच्या शिपायाचं, सांगायला हवं. जंगल आधी मालगुजाराचं होतं. घरापुरतं लाकूड, कुंपणाचे काटे, जळण, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आणत आले. मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं, आणि आपलंच लाकूड आणायला कागद लागू लागला. मयाल आणायला गेलेला माणूस नाक्यावर अडकायचा. मयाल म्हणजे घराच्या छपराखालचं आडवं लाकूड, सगळं घर तिच्यावर तोललेलं असतं. असे लोक ह्यांच्याकडे यायचे. आमच्या छपरीत सकाळपासून दहा-पंधरा माणसं बसलेली असत, बिड्या ओढत, माझ्या चुलीकडे बघत. हे सांगत, मी रेंजरला चिठ्ठी लिहीत असे, हे खाली सही करत. मजकूर कायमचा ठरलेला:

"रेंजर साहेब यांस नमस्कार. पत्र घेऊन येणारा आपलाच माणूस आहे. काम न्यायाचे असल्यास करावे."

मी एकदा वैतागून म्हटलं, "दहा कोस पायी आलेला मानूस. त्याच्या चिट्ठीत 'न्यायाचे असल्यास' काह्याले? काम करावे, संपलं."

"ते दोन शब्द नसले तं मी येमेले नाई वं, दलाल हाय," हे म्हणाले.

मी दोन शब्द लिहीत गेले. किती चिठ्ठ्या लिहिल्या त्याची गणती नाही. साऱ्या टापूत माझं अक्षर ओळखीचं झालं. वाचता येत नसलेले लोकही ओळखत. "हे बाईचं हाय," असं कागद उलटा धरून सांगत.

त्यात एक आजी होती. आत जंगलातल्या गावची, गोंड. मी तिला आजी म्हणे, ती मला बाई. सून वारली होती, मुलगा गाडी हाकायचा, घराची मयाल मोडली होती. तिनं माझ्याकडून चिठ्ठी नेली ती डोक्यावरच्या टोपलीखाली, घडी पडू नये म्हणून. पंधरा दिवसांनी आली ती हसत. मयाल मिळाली. आणि रेंजरकडून तिनं चिठ्ठी परत मागून आणली होती.

"अवं आजी, चिट्ठी त्यायच्याजवळ ठेवा लागते."

"काऊन? त्या चिट्ठीनं घर उभं राह्यलं. मंग चिट्ठी घरातच पाह्यजे." तिनं ती नव्या मयालीत खोचून ठेवली होती. हे पोट धरून हसले होते. ह्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

आता आमची कामाची एक पद्धत. अधिवेशनाला जाताना हे दहा-बारा कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून माझ्याजवळ ठेवत. लांबून आलेला माणूस रिकामा जाऊ नये म्हणून. वर मी मजकूर लिहायचा. कोणाला द्यायची, कोणाला नाही, ते मीच ठरवत असे. "तू माह्यापेक्षा जास्त वळखते मानसं," असं हे म्हणायचे. ओळखते! डोंबल ओळखते.

चौपन्नची गोष्ट. हे नागपूरला. दुपारी दारात जीप थांबली. सागवानाचा मोठा ठेकेदार आणि त्याची बायको उतरली. बाई गोरीपान, अंगभर लुगडं, बोलणं गुळाच्या ढेपेसारखं. घरात शिरताच म्हणाली, "ताई, तुमची ओटी भरायला आले. भाऊ आमच्यासाठी देव आहेत, मग तुम्ही कोण?" मी पाट मांडला. तिनं हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ, सुपारी, हळकुंड, आणि ओंजळी-ओंजळीनं तांदूळ घातले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पुढच्या वर्षी बारशाला येते बघा. माझी ओटी आजवर वाया गेलेली नाही."

दहा वर्षं मला असं कोणी म्हटलं नव्हतं. गावातल्या बायका मला जपून बोलत. बारशाला बोलावत, पण पाळण्यापासून जरा लांब बसवत. माझे डोळे भरून आले. मी ओटी सावरत उठले.

ओटी जड लागली.

नारळ मोठा असेल, असं मी मनाला सांगितलं. मन काय, सांगितलेलं ऐकतं.

मग ठेकेदार छपरीतून बोलला. त्याचे खुंट, म्हणजे सागवानाचे ओंडके, नाक्यावर अडकले होते. कापलेल्या लाकडावर सरकारी घनाचा ठप्पा लागतो, तो म्हणे कामगारांच्या गडबडीत मारायचा राहिला. "ताई, बहिणीनं भावाचं एवढं करावं. एक चिठ्ठी." मी ओटीचा पदर तसाच खोचून बसले आणि सहीचा कागद घेतला. "पत्र घेऊन येणारे आपलेच माणूस आहेत. काम" इथपर्यंत आले आणि लेखणी थांबली. ती बाई समोर बसून माझ्याकडे बघून हसत होती. आता हिच्या डोळ्यांदेखत "न्यायाचे असल्यास" लिहायचं? तिला वाचता येत होतं. तिला वाईट वाटेल. आणि तिचं मन दुखलं, तर तिनं दिलेला आशीर्वाद?

मी लिहिलं, "काम करावे."

जीप गेल्यावर तांदूळ सुपात ओतले. खाली सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

आठ दिवसांनी हे आले. मी सगळं सांगितलं. पाटल्या दाखवल्या. ह्यांनी आधी विचारलं, "चिट्ठीत काय लिवलं?"

"आपलेच माणूस आहेत, काम करावे."

"न्यायाचं असल्यास?"

"घाईत राहून गेलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाटल्या दे. मी आत्ताच चांद्याले जाऊन त्याच्या दारात फेकून येतो."

मी दिल्या नाहीत. पाटल्या, खण, नारळ, सगळं पदरात घेऊन मी जमिनीवर बसले. "ओटीतलं परत करते का कुठी कोनी? सांगा मले! ओटी परत केली तं काय होते ते मालूम हाय तुमाले?" मी ओरडत होते. शेजारी ऐकत असतील, ऐकू देत. "सोनं फेका, पण मंग तांदूळ बी फेका, अन् त्या बोडीवर जाऊन मलेही पुरा तिच्याजवळ." असं मी बोलले. माणसानं बोलू नये असं बोलले.

हे दारात उभे राहिले. कितीतरी वेळ. उन्हात आंब्याची सावली अंगणातून सरकली तेवढा वेळ. बेचाळीसपासून कोणापुढे न वाकलेला माणूस. मग म्हणाले, "राहू दे."

दोनच शब्द. मी दोन गाळले होते, ह्यांनी दोन घातले, आणि झालं.

पाटल्या मी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्या. अंगावर घातल्या नाहीत. एकदाच, दुपारी दार लावून घातल्या होत्या आणि लगेच काढल्या.

दोन महिन्यांनी ती आजी आली, गावातली सात-आठ माणसं घेऊन. तिच्या मुलाची गाडी त्याच नाक्यावर अडवली होती, कुंपणाच्या बल्ल्यांसाठी. आणि त्याच्या डोळ्यांसमोरून ठेकेदाराचे बिनठप्प्याचे खुंट ट्रकमधून गेले. "भाऊ," आजी म्हणाली, "आमच्या बल्ल्या चोरीच्या, अन् त्याचा सागवान सावाचा? तू येमेले हायस. सांग आमाले."

हे खाली बघत होते. मग आत येऊन मला म्हणाले, "कागद घे. जंगलाच्या चीफ साहेबाले अर्ज लिही. नाक्याची चौकशी करा म्हनून."

मी कुजबुजले, "अवो, ते आपल्याच अंगावर येईन."

"लिही."

"मंग पहले पाटल्या तं नदीत टाकू द्या."

"लिही म्हनलं ना!" पहिल्यांदाच हे माझ्यावर ओरडले.

मी लिहिलं. माझ्याच वळणदार अक्षरात. काना सुटला नाही.

चौकशी आली. रेंजरनं चिठ्ठी काढून दाखवली. ठेकेदार माफीचा साक्षीदार झाला आणि पाटल्यांचं सांगून मोकळा झाला. माझा भाऊ! पोलिसांनी डबा उपडा केला, तांदूळ घरभर झाले. ते मी दोन दिवस वेचत होते.

खटला चांद्याच्या कोर्टात चालला. वकील चांगला होता. आम्ही उतरलो होतो त्या खोलीत येऊन तो ह्यांना म्हणाला, "एवढंच सांगा. सही कोरी होती. मजकूर बाईंनी तुम्हाला न विचारता लिहिला, दागिना बाईंनी ठेवून घेतला. तुम्ही त्या दिवशी नागपूरला होता, सभागृहाची हजेरी आहे. तुम्ही सुटाल. बाईमाणूस आहे, त्यांनाही फार होणार नाही."

मी पडद्याआड चहा गाळत होते. ऐकत होते. मी बाहेर येऊन म्हणायला हवं होतं की, हो, असंच आहे, असंच सांगा. खरंच होतं ते. मी चहा गाळत राहिले. आणि इतक्या वर्षांनी लिहायला काय हरकत आहे: मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की ह्यांनी तसं सांगू नये.

ह्यांनी सांगितलं नाही.

"अक्षर कोणाचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माह्या घरचं."

"सही?"

"माही."

"मजकूर कोणी सांगितला?"

"म्या सांगतला. तिनं लिवला."

सरकारी वकिलानं जप्त केलेल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या होत्या. प्रत्येकीत "न्यायाचे असल्यास." एकीत नाही. त्यानं ती वर धरून विचारलं, "मग नेमके याच चिठ्ठीतले हे दोन शब्द कुठे गेले?"

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर मी बसले होते. सगळ्या खटल्यात एकदाच पाहिलं.

"मीच गाळाले सांगतलं," हे म्हणाले.

दोन वर्षांची शिक्षा झाली. पक्षानं नाव काढून टाकलं, जागा गेली. अपील करायला ह्यांनी नकार दिला. कोर्टाच्या आवारात एकही माळ नव्हती. जाताना मला म्हणाले, "गाई-म्हशीचं पाह्य. कालवड आजारी हाय." आणि गेले.

मी एकटी मोटारीनं गडचिरोलीला आले आणि तिथून पायी गावात.

मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार दिल्या असत्या. कोणी एक शब्द बोललं नाही. विहिरीवर गेले की बायका बाजूला होत. "बाई, तुमी पहले भरून घ्या." इतका मान मला आमदारीणबाई असताना मिळाला नव्हता. मी भरून घ्यायची आणि माझी पाठ फिरली की मागे पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. छपरी मी रोज सारवत होते. सारवलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी माझीच पावलं. बिडीचं एक थोटूक पडलेलं नसे. आधी त्या थोटकांवरून मी किती कटकट केली होती! गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणून मी लोकांवर चरफडत असे. दोष त्यांचा नव्हता, हे माहीत असूनही.

ह्यांना पत्र पाठवता येत होतं. मी बसायची, लेखणी घ्यायची आणि लिहायची: कालवड बरी झाली. धान बरं आहे. बांध फुटला होता तो घातला. जे लिहायचं ते लिहिता येत नव्हतं. असं वळणदार, निरुपयोगी अक्षर. ह्यांचं उत्तर दोन ओळींचं, मुंगळ्यांचं. तब्येत ठीक. काळजी घे.

मूल झालं नाही, हे सांगायला नकोच. ती बाई बारशाला आली नाही.

मधे छप्पन साल गेलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, नागपूरची सभा मोडली. सत्तावनची निवडणूक आली. जीपा धुरळा उडवत आमच्या दारावरून जात. कर्णा लावलेला असायचा. आमच्या घरापाशी आल्यावर कर्णा बंद करत आणि पुढे गेल्यावर परत सुरू करत. मी दारात उभी राहून पाहायची. वाटायचं, एखाद्यानं चुकून तरी मत मागावं.

मोह फुलायच्या दिवसांत एकदा सकाळी छपरीत कोणीतरी खाकरलं. मी इतकी दचकले की हातातलं गाडगं पडलं. आजी होती. टोपलीत मोहाची फुलं घेऊन आली होती. नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसली.

"भाऊ कुठी हाय?"

"तुले मालूम नाई? जेलात. नागपूरले."

"तिथी साहेब कोन?"

"जेलर असते."

"मंग त्याले चिट्ठी लिव ना."

मला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही असं कडू. आजी चिडली. "हासून काऊन राह्यली? रेंजरले लिवत होती, नाकेदाराले लिवत होती, याले काऊन नाई लिवत? आपलाच मानूस हाय ना तो? मंग लिव तसं."

"आजी, त्या चिट्ठ्यायवर सही ह्यायची होती. आता सही कोनाची करू? माह्या अक्षराले कोन इचारते?"

"अक्षर तं तुहंच होतं ना सगळं." आजी टोपलीतली फुलं निवडत म्हणाली, माझ्याकडे न बघता. "ते ठेकेदाराचंही. भाऊ नव्हता ना तवा घरी. सगळ्यायले मालूम हाय. पोलीस गावात आलता चिट्ठ्या घ्याले, इचारे, कोन लिवते, कोन देते, भाऊ घरी नसला तं कोन देते. आमी म्हनलं, आमाले वाचता येत नाई बाप्पा."

मी खाली बसले. म्हणजे विहिरीवरच्या त्या बायका, ते गप्प बसणं, ते बाजूला होणं. सगळ्या टापूला माहीत होतं. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मग माझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुचलं नव्हतं. मी रडले. आजीनं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता कागद आन."

कागद आणला. लिहिलं:

"जेलर साहेब यांस नमस्कार. आपल्याकडे ठेवलेला कैदी आपलाच माणूस आहे. काम"

लेखणी तिथेच थांबली, जिथे तेव्हा थांबली होती. आजी समोर बसली होती, तिला वाचता येत नव्हतं. मी सावकाश लिहिलं, "न्यायाचे असल्यास करावे." खाली, आयुष्यात पहिल्यांदा, माझी स्वतःची सही केली. आजीनं कागद हातात घेऊन उलटा धरून पाहिला आणि पसंत केला. दुसऱ्या दिवशी मी तो टपालात टाकला. वेडेपणा होता. पण टाकला.

उन्हाळा संपता संपता हे सुटून आले. भर दुपारी, पेटी खांद्यावर, मोटारीपासून पायी. गाव झोपलेलं होतं. केस पांढरे झाले होते. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवले. मग छपरीत जाऊन बसले, मी उंबऱ्यात. रिकाम्या छपरीकडे ह्यांनी एकदा नजर फिरवली आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"जेलरनं बोलावलं मले. म्हने, तुमच्या बायकोची शिफारस आली. सगळे हासले." घडी उलगडत म्हणाले, "मंग त्यानं कागद मलेच देऊन टाकला."

मी उंबऱ्यातून कागदाकडे पाहिलं.

"ह्या वेळी दोन शब्द हाय."

"हो."

"तवा घाईत राहून गेलते."

हे विचारत नव्हते. मला वाट करून देत होते. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, आणि आम्ही म्हातारे होईपर्यंत त्याच खोट्यावर सुखानं भाकरी खाल्ली असती.

"नाई," मी म्हटलं. "राह्यले नव्हते. म्या गाळले होते. अन् ओटी जड लागली होती मले, उठतानाच."

ह्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "मालूम हाय वं. तुह्या हातून कधी काना नाई सुटला. शब्द कुठी सुटते?"

"पहल्यापासून मालूम होतं?"

"तू सांगतलं तवाच."

माझा संताप झाला. लाज वाटायला हवी होती, पण संतापच झाला. "मंग काऊन गेले जेलात? काऊन नाई सांगतलं कोर्टात?"

हे बोडीच्या दिशेनं बघत म्हणाले, "बेचाळीसले मी गेलो. पोरगी झाली, गेली. तू एकली होती. ते देनं होतं तुहं माह्यावर."

"अन् ह्या दोन वर्षांत?" मी म्हटलं. "ह्या दोन वर्षांत कोन होतं माह्याजवळ?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. सभा हसली तरी पुढचं बोलणारा माणूस. हे ह्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग हे उठले, पाय उंचावून ती चिठ्ठी छपरीच्या मयालीत खोचली आणि म्हैस सोडायला गेले.

ते गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. चिठ्ठी तिथेच आहे, काळी पडली आहे. नवीन कोणी आलं तर वर बघून विचारेल, बाई, हे काय आहे? सांगेन म्हणते. पण येतं कोण?